काष्ठातील राजसत्ता : किरारीचा स्तंभ, बस्तरचा रथ आणि लुबांचे आसन

राजसत्तेची चिन्हे म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम सोने, दगड आणि पोलाद येते : बत्तीस मणांचे सिंहासन, गडांचे बुरूज, ताम्रपट आणि तलवार. ही सारी टिकाऊ द्रव्ये असून टिकाऊपणा हाच त्यांचा मुख्य अर्थ आहे, कारण राजा जाईल पण राज्य राहील, असे त्यांना सांगायचे असते. जंगलाच्या आधाराने उभ्या राहिलेल्या राज्यांमध्ये मात्र राजपदाचे सर्वांत पवित्र चिन्ह अनेकदा लाकडाचे असते, आणि लाकूड कुजते, त्याला वाळवी लागते, उन्हाने ते तडकते, म्हणून ते जपावे लागते किंवा ठराविक काळाने नव्याने घडवावे लागते. हे चिन्ह जे घडवतात, ज्यांच्या रानातून त्याचे झाड येते आणि जे ते सांभाळतात, त्यांचा राजावर काही एक हक्क त्यातूनच निर्माण होतो. छत्तीसगडच्या दक्षिणेकडील बस्तर संस्थानात हा हक्क शतकानुशतके दसऱ्याच्या रथाच्या रूपाने दिसत आला आहे, आणि आफ्रिकेतील काँगोच्या लुबा लोकांनी तो कोरीव आसने, राजदंड आणि स्मृतिफलक यांच्यात साठवला. दोन्हीकडचे काष्ठकाम समजून घेतले की राजा हा लोकांनी मान्य केलेला आणि लोकांची मान्यता वारंवार मिळवावी लागणारा अधिकारी होता, ही गोष्ट कोणत्याही बखरीपेक्षा स्पष्टपणे कळते.

छत्तीसगडमध्ये लाकूड आणि राजसत्ता यांच्या नात्याचा सर्वांत जुना पुरावा रायपूर शहरातच आहे. समता कॉलोनी, चौबे कॉलोनी, तात्यापारा अशा वस्त्यांतून अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झालेल्या या शहरात महंत घासीदास स्मारक संग्रहालय आहे. राजनांदगाव संस्थानचे महंत घासीदास यांच्या देणगीतून 1875 मध्ये ते सुरू झाले आणि त्याच्या आजच्या इमारतीचे उद्घाटन 1953 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. येथे किरारी गावचा काष्ठस्तंभ ठेवलेला आहे. किरारी हे महानदीकाठच्या चंद्रपूरजवळचे गाव असून हे चंद्रपूर महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या ठिकाणाहून निराळे आहे. 1921 च्या उन्हाळ्यात तेथील हिराबांध नावाचा तलाव आटला तेव्हा गाळात गाडलेला, ब्राह्मी अक्षरे कोरलेला हा खांब ग्रामस्थांच्या हाती लागला. शतकानुशतके पाण्याखाली राहिल्यामुळे टिकलेले लाकूड उघड्यावर येताच उन्हाने वाळू लागले, त्याचे पापुद्रे निघू लागले आणि त्यांच्याबरोबर अक्षरेही गळू लागली. तेथील पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी समोर दिसणाऱ्या अक्षरांची जशीच्या तशी नक्कल उतरवून घेतली, म्हणूनच पुढे हिरानंद शास्त्री यांना या लेखाचे वाचन प्रसिद्ध करता आले.

हा लेख प्राकृत भाषेत असून अक्षरवटिकेवरून, म्हणजे अक्षरांच्या वळणावरून, तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील, सातवाहनांच्या काळातील मानला जातो. नाणेघाट आणि नाशिकच्या लेण्यांतून मराठी वाचकाला परिचित असलेला हाच तो काळ होय. या खांबावर पराक्रमाचे वर्णन आढळत नाही. जो भाग वाचता येतो त्यात राज्याच्या अधिकाऱ्यांची नामावळी आहे : नगराचे रक्षण करणारा नगररक्षी, सेनापती, द्वाराशी उभा राहणारा प्रतिहार, हिशेब ठेवणारा गणक, कोठाराचा प्रमुख भांडागारिक, हत्तीस्वार, घोडेस्वार, रथिक, मुदपाकखान्याचा महानसिक, गुरांच्या कळपांवरचा गोमांडलिक, पत्रे नेणारा लेखहारक. एखाद्या मोठ्या यज्ञाच्या निमित्ताने हे अधिकारी एकत्र आले असावेत, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तर्क कोणताही स्वीकारला तरी एवढे उरते की, छत्तीसगडच्या भूमीवरील या काष्ठलेखात राज्य म्हणजे एकटा राजा नसून कामे वाटून घेतलेल्या माणसांचा समूह आहे. बस्तरचा रथ पाहताना हीच कल्पना अक्षरांऐवजी माणसांच्या रूपाने समोर येते.

बस्तरचे राजघराणे आपले मूळ वारंगळच्या काकतीयांमध्ये सांगते. 1323 मध्ये वारंगळ पडल्यानंतर प्रतापरुद्राचा भाऊ अन्नमदेव गोदावरी आणि इंद्रावती ओलांडून या अरण्यात आला, त्याच्याबरोबर देवी दंतेश्वरी आली आणि शंखिनी व डंकिनी या नद्यांच्या संगमावर दंतेवाडा येथे तिची स्थापना झाली, अशी परंपरा आहे. पुढे अठराव्या शतकात दलपतदेवाने राजधानी जगदलपूरला हलवली. याच शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडवर पसरली, रतनपूरला बिंबाजी भोसले राहू लागले आणि 1778 च्या कोटपाड करारानंतर बस्तरचा राजा भोसल्यांना टाकोळी, म्हणजे वार्षिक खंडणी, देणारा मांडलिक झाला. रतनपूरला दसऱ्याच्या दिवशी सोने म्हणून पाने वाटण्याची चाल बिंबाजींनी सुरू केली, असे छत्तीसगडमध्ये सांगितले जाते. मराठ्यांचा अंमल बस्तरच्या अंतर्भागात मात्र फारसा शिरला नाही, आणि तेथील दसरा आपल्याच वाटेने चालत राहिला. या दसऱ्यात रावणदहन नाही आणि रामकथाही नाही, कारण तो पूर्णपणे दंतेश्वरीचा, राजाचा आणि गावोगावच्या देवांचा उत्सव आहे.

रथाची कथा पुरीशी जोडलेली आहे. राजा पुरुषोत्तमदेव जगन्नाथाच्या यात्रेला गेला असता तेथे त्याला रथपती ही पदवी आणि सोळा चाकांच्या रथाचा मान मिळाला, ही घटना 1408 च्या सुमाराची, असे परंपरा मानते. सोळा चाकांचा रथ बस्तरच्या वाटांवर चालवणे अशक्य होते, म्हणून चार चाके जगन्नाथाला अर्पण होऊन जगदलपूरचा गोंचा उत्सव, म्हणजे तेथील रथयात्रा, सुरू झाली आणि बारा चाकांचा रथ दंतेश्वरीसाठी राहिला. पुढे या बारा चाकांचीही विभागणी होऊन आठ चाकांचा विजयरथ आणि चार चाकांचा फूलरथ असे दोन रथ झाले. एका वर्षी फूलरथ नवा घडवतात, तर दुसऱ्या वर्षी विजयरथ, त्यामुळे कोणताही रथ दोन वर्षांपेक्षा अधिक काळ वापरात राहत नाही. या एका रीतीमुळे रथ घडवण्याची विद्या आजवर जिवंत राहिली आहे, कारण दगडी देवालय एकदा उभे राहिले की पाथरवटाचे काम संपते, पण बस्तरच्या सुताराला दरवर्षी बोलवावेच लागते.

उत्सवाचा आरंभ दसऱ्याच्या जवळजवळ अडीच महिने आधी होतो. छत्तीसगडमध्ये हरेली या नावाने साजरी होणारी अमावास्या तेथील पंचांगाप्रमाणे श्रावणातली असली तरी महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणे ती आषाढातली, म्हणजे दिव्यांची अमावास्या होय. त्या दिवशी पाटजात्रा हा विधी होतो, ज्यात बिलोरी गावच्या रानातून आणलेला ओंडका जगदलपूरच्या राजवाड्यासमोर, दंतेश्वरीच्या मंदिरापाशी ठेवून त्याची पूजा करतात. या पहिल्या ओंडक्याला ठुरलू खोटला असे नाव असून त्याला अंडे, मोंगरी मासा आणि बकऱ्याचा नैवेद्य दिला जातो. देवीची मूर्ती, राजाचे छत्र किंवा शस्त्र यांपैकी कशाचीही पूजा होण्यापूर्वी सालाच्या लाकडाची पूजा होते, ही क्रमाची गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्यानंतर भाद्रपदात डेरी गडाईचा विधी होतो, म्हणजे बिरिंगपाल गावच्या लोकांनी आणलेले सालाचे दोन खांब सिरहासार या सभागृहात रोवले जातात, आणि मगच रथाचे काम सुरू करण्याची मुभा मिळते. उत्सव सामान्यतः 75 दिवसांचा असतो, पण अधिक महिना मध्ये आला की तो लांबतो. 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे तो 107 दिवस चालला.

रथाच्या कामाची वाटणी गावांमध्ये कायमची ठरलेली आहे. लाकूडकाम बेडा उमरगावच्या कारागिरांकडे, तर लोखंडी पट्ट्या, खिळे आणि कड्या यांचे काम झार उमरगावच्या लोहारांकडे. हे कारागीर काम संपेपर्यंत सिरहासारमध्ये मुक्काम करतात. सांगाड्यासाठी साल आणि आसासाठी तिनसा वापरतात, ज्याला महाराष्ट्रात तिवस म्हणतात आणि ज्याचे लाकूड चिवट असल्याने बैलगाडीच्या कामासाठी तिकडेही पूर्वीपासून नावाजलेले आहे. कामाच्या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र पूजा आहे. हत्यारे कामाला लावण्यापूर्वी बारसी उतारनी हा विधी होतो. बारसी म्हणजे मराठी सुताराचा वाकस, आडव्या पात्याचे तासण्याचे हत्यार. चाकाच्या मध्यभागी आसासाठी भोक पाडतात तेव्हा नार फोडनी हा विधी करतात, कारण चाकाचा तुंबा आणि आस यांचा मेळ चुकला तर सगळा रथ वाटेत अडतो. रथाचे नकाशे कागदावर नसतात. मापे वडीलधाऱ्यांच्या नजरेत आणि हातात असतात, आणि ती नातवापर्यंत पोहोचावीत म्हणून कामावर तरुणांना बरोबर घेतले जाते.

रथ ओढण्यासाठी लागणारे दोर सियाडी या प्रचंड रानवेलीच्या सालीपासून वळतात आणि हे काम करंजी, केसरपाल, सोनाबाल या गावांकडे आहे. मराठी वाचकासाठी येथे एक मनोरम योग आहे, तो असा की सियाडीची वेल आणि आपट्याचे झाड वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातीसमूहातील आहेत, दोघांचीही पाने मधोमध दुभंगलेली असतात. ज्या दिवशी रायपूरच्या समता कॉलोनीतील मराठी घरांतून आपट्याची पाने सोने म्हणून हातात ठेवली जातात, त्याच दिवशी राष्ट्रीय महामार्गाने सुमारे 300 किलोमीटर दक्षिणेला आपट्याच्या भावकीतली ही वेल दंतेश्वरीचा रथ ओढत असते.

रथ तयार झाला तरी राजाला त्यावर बसण्याचा अधिकार आपोआप मिळत नसे. भाद्रपद अमावास्येला, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वपित्रीच्या दिवशी, काछनगादी हा विधी होतो. काछनदेवी ही मिरगान या समाजाची देवी असून तिचे वारे त्या समाजातील एका लहान मुलीच्या अंगात येते, तिला बेलाच्या काट्यांच्या झुल्यावर निजवतात आणि राजा तिच्यापुढे उभा राहून दसरा करण्याची परवानगी मागतो. तिने फूल दिले की परवानगी मिळाली. ज्या समाजाला जातिव्यवस्थेने गावकुसाबाहेर ठेवले त्याच समाजातील बालिकेच्या होकारावाचून राज्याचा सर्वांत मोठा उत्सव सुरू होऊ शकत नाही, आणि हा होकार राजाला दरवर्षी नव्याने मागावा लागतो. त्यानंतर जोगी बिठाईमध्ये हलबा समाजातील एक तरुण सिरहासारमधील खड्ड्यात नऊ दिवस उपोषण करून बसतो, उत्सव निर्विघ्न पार पडावा म्हणून. राजा स्वतः या दिवसांत राज्यकारभार दिवाणाकडे सोपवून व्रतस्थ राहत असे, असेही जुन्या नोंदींतून दिसते. म्हणजे उत्सवाच्या काळात राजाचे लौकिक अधिकार बाजूला ठेवलेले असत आणि त्याच्याकडे उरत असे ते केवळ देवीच्या पहिल्या पुजाऱ्याचे स्थान.

द्वितीयेपासून सप्तमीपर्यंत फूलरथ शहरातून फिरतो. नवमीला मावली परघाव होतो, ज्यात दंतेवाड्याहून आलेल्या देवीच्या पालखीचे स्वागत करतात. विजयादशमीला भितर रैनी हा विधी असतो आणि त्या रात्री आठ चाकांचा विजयरथ किलेपाल परगण्यातील माडिया लोक चोरून नेतात. चोरी हा शब्द येथे विधीचाच भाग आहे, कारण सर्वांना ती ठाऊक असते आणि तरीही ती दरवर्षी व्हावीच लागते. रथ शहराबाहेर कुम्हडाकोट येथील झाडीत नेऊन ठेवतात. दुसऱ्या दिवशी, बाहर रैनीला, राजा स्वतः तेथे जातो, रथ नेणाऱ्यांबरोबर बसून नव्या धान्याचे अन्न खातो आणि त्यांच्या संमतीने रथ परत आणला जातो.

या विधीचा अर्थ ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड जेल यांनी 1997 मधील एका निबंधात लावला. बस्तरच्या आदिवासींनी राजाला विधींमधून अतिशय उंच स्थानी बसवले, ते त्याच्या राज्ययंत्रणेला आपल्या रानात शिरू न देण्यासाठी, अशी त्यांची मांडणी आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या नंदिनी सुंदर यांच्या बस्तरविषयक ग्रंथातही राजा आणि प्रजा यांच्यातील हे देवघेवीचे, कधी संघर्षाचे नाते तपशिलाने उलगडले आहे. जेल यांची मांडणी कदाचित थोडी एकांगी असेल, कारण किलेपालच्या माडियांची दंतेश्वरीवरील भक्ती हा केवळ राजकारणाचा डाव मानता येत नाही. तरीही रथ ज्यांनी ओढायचा तेच तो पळवून नेऊ शकतात, ही गोष्ट राजाला वर्षातून एकदा सर्वांसमोर अनुभवावी लागे, हे नाकारता येणार नाही.

बस्तरच्या इतिहासात हे नाते केवळ विधीपुरते राहिले नाही. 1876 मध्ये राजाच्या अधिकाऱ्यांच्या जुलमाविरुद्ध मुरिया लोकांनी उठाव करून जगदलपूरला वेढा घातला. तो शमवण्यासाठी सिरोंचाचे डेप्युटी कमिशनर मॅकजॉर्ज यांनी 8 मार्च 1876 रोजी लोकांसमोर दरबार भरवला. सिरोंचा आज महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. पुढे हाच मुरिया दरबार दसऱ्याचा भाग झाला, आणि आजही उत्सवाच्या शेवटी परगण्यांचे मांझी आणि मुखिया तेथे आपली गाऱ्हाणी मांडतात. 1910 मध्ये भूमकाल हा मोठा उठाव झाला, त्याच्या कारणांमध्ये जंगले राखीव करून लोकांचा लाकडावरचा आणि रानावरचा हक्क तोडणे हे एक प्रमुख कारण होते. उठावाचा निरोप गावोगाव पोहोचवण्यासाठी आंब्याची डहाळी आणि मिरची फिरवली गेली. राजाच्या रथासाठी साल आणून देणारे हेच लोक होते, आणि त्याच सालाच्या रानात त्यांना परके ठरवल्यावर ते उठले, ही संगती ध्यानात घेतल्याशिवाय या उठावाचा राग कळत नाही.

राजघराण्याच्या सत्तेचा शेवटही या रथावर उमटलेला आहे. राणी प्रफुल्लकुमारी देवी यांच्या 1936 मधील निधनानंतर त्यांचे पुत्र प्रवीरचंद्र भंजदेव बालवयातच गादीवर आले. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, तरी आदिवासींच्या मनातील त्यांचे स्थान कायम राहिले आणि त्यावरून सरकारशी त्यांचा संघर्ष वाढत गेला. 25 मार्च 1966 रोजी जगदलपूरच्या राजवाड्यात झालेल्या पोलीस गोळीबारात ते मारले गेले. त्या काळापासून रथावर राजाऐवजी दंतेश्वरीचे छत्र विराजमान होते. राजाची सत्ता गेली, राज्य गेले, पण रथ घडवण्याचे, ओढण्याचे, पळवण्याचे आणि परत आणण्याचे सर्व हक्क गावांकडे जसेच्या तसे राहिले, यावरून या उत्सवाचा खरा आधार कोणता होता ते सिद्ध होते.

दसऱ्याला जगदलपूरला येणाऱ्या गावोगावच्या देवांमध्येही लाकडाचे देव आहेत, आणि त्यांपैकी आंगादेव सर्वांत विलक्षण होय. दोन लांब दांडे समांतर ठेवून त्यांच्या मधोमध तिसरा दांडा आडव्या काठ्यांनी बांधतात. या मधल्या दांड्याचे पुढचे टोक नागाच्या किंवा पक्ष्याच्या डोक्यासारखे कोरलेले असते, त्यावर चांदीचे पत्रे आणि मोरपिसे लावतात. देवाला खांद्यावर घेऊन माणसे चालतात, आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो आपल्या हालचालीतून देतो, अशी श्रद्धा आहे. आंगादेव हा गावाचा पुढारी आणि न्यायाधीश असतो, पण त्याचा अधिकारही निरंकुश नाही. केशकालच्या भंगाराम देवीच्या जत्रेत देवांवरच खटले चालतात, रोगराई किंवा दुष्काळ आवरू न शकलेल्या देवाला दोषी ठरवून त्याचे स्थान काढून घेतले जाते आणि सुधारल्यावर ते परत मिळते. येथे राजा आणि देव या दोघांनाही एकच कायदा लागू आहे. गडचिरोलीच्या माडिया आणि गोंड भागातही हे देव आणि लाकडी स्मृतिखांब परिचित आहेत, कारण इंद्रावतीच्या दोन तीरांवर एकच संस्कृती नांदते. बस्तरच्या माडियांच्या स्मृतिखांबांवर हरणे, पक्षी, गव्याच्या शिंगांचा शिरपेच घातलेले नर्तक कोरलेले असतात. त्यांचे विस्तृत वर्णन संस्थानचे प्रशासक राहिलेले डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी 1938 च्या ग्रंथात केले, तर मुरियांच्या घोटुलमधील, म्हणजे युवागृहातील, कोरीव खांब आणि लाकडी फण्या व्हेरियर एल्विन यांनी 1947 मध्ये नोंदवल्या.

आता आफ्रिकेकडे वळता येईल. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या आग्नेय भागात, लुआलाबा नदीच्या वरच्या खोऱ्यात, लुबांचे राज्य होते आणि सतराव्या ते एकोणिसाव्या शतकापर्यंत त्याचा प्रभाव दूरवर पसरला होता. त्यांच्या मूळकथेत एनकोंगोलो हा क्रूर राजा, पूर्वेकडून आलेला सुसंस्कृत शिकारी एम्बिडी किलुवे आणि त्या शिकाऱ्याचा मुलगा कालाला इलुंगा हे तिघे येतात. कालाला इलुंगा एनकोंगोलोचा पराभव करून पवित्र राजपदाची स्थापना करतो. अन्नमदेवाच्या कथेप्रमाणे येथेही राज्य बाहेरून येते.

लुबांच्या राजचिन्हांत कोरीव आसन सर्वांत महत्त्वाचे. त्यात उभी किंवा गुडघ्यांवर बसलेली स्त्री आपल्या हातांवर आणि मस्तकावर राजाची बैठक तोलते, तिच्या पोटावर आणि पाठीवर त्वचेवरील व्रणांची नक्षी कोरलेली असते आणि केसांची रचना अतिशय काळजीपूर्वक दाखवलेली असते. ही स्त्री राजाची दासी नाही. लुबा विचारानुसार राजपदाचे सामर्थ्य स्त्रीच्या देहातच धारण होऊ शकते. राजाच्या मृत्यूनंतर त्याचा आत्मा म्वादी नावाच्या एका स्त्रीमध्ये वास करतो आणि ती त्याच्या जुन्या राजधानीत राहून त्याची स्मृती चालवते. काटेरी झुल्यावरून राजाला परवानगी देणारी बस्तरची बालिका आणि आपल्या मस्तकावर राजाला तोलणारी लुबांची काष्ठस्त्री यांच्यात ऐतिहासिक संबंध नाही. तरी दोन दूरच्या समाजांनी राजाच्या बळाचा उगम त्याच्या बाहेर, स्त्रीच्या ठायी मानला, हे साम्य वरवरचे नाही. ही आसने रोज बसण्यासाठी नव्हतीच. ती पांढऱ्या वस्त्रात गुंडाळून दुसऱ्या गावी राखणदाराकडे ठेवली जात आणि विशेष प्रसंगीच बाहेर काढली जात, म्हणजे राजाचे आसनही राजाच्या घरात नसे.

याशिवाय कोरीव राजदंड, बाण आणि धनुष्य ठेवण्याचे त्रिशाखी स्तंभ आणि लुकासा हा स्मृतिफलक या वस्तू येतात. लुकासा म्हणजे हातात मावेल अशी मधोमध निमुळती लाकडी फळी, जिच्यावर मणी, शिंपले आणि कोरलेल्या खुणा विशिष्ट जागी बसवलेल्या असतात. एमबुद्ये या मंडळाचे दीक्षित सदस्य त्या खुणांवरून बोटे फिरवत राजांच्या वंशावळी, स्थळे आणि आचारनियम सांगत. इतिहासाचे वाचन या मंडळाच्या हाती असल्यामुळे नव्या राजाचा हक्क खरा की खोटा हे ठरवण्याची ताकदही त्याच्याकडे होती. मेरी नूटर रॉबर्ट्स आणि ॲलन रॉबर्ट्स यांनी 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या आफ्रिकी कला संग्रहालयात भरवलेल्या प्रदर्शनातून आणि त्याच्या ग्रंथातून हा सगळा व्यवहार जगासमोर आला.

लुबा काष्ठकलेच्या अभ्यासात बुली गावच्या कारागिराचा शोध हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. बेल्जियन अभ्यासक फ्रान्स ओल्ब्रेक्ट्स यांनी युरोपातील संग्रहांत विखुरलेल्या काही आसनांवरचे लांबट, उदास चेहरे पाहून ती एकाच हाताची किंवा एकाच कारखान्याची असली पाहिजेत, असे दाखवले. आफ्रिकी कलाकृती म्हणजे जमातीची निनावी निर्मिती, हा समज त्यामुळे ढळला आणि वाकसाने लाकूड तासणाऱ्या माणसाला कलावंत म्हणून ओळख मिळू लागली.

बस्तरच्या कारागिरांना ही ओळख आता कुठे मिळू लागली आहे. बस्तरच्या काष्ठशिल्पाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कांकेरचे अजयकुमार मंडावी यांना 2023 मध्ये आणि नारायणपूर जिल्ह्यातील गढबेंगालचे पंडीराम मंडावी यांना 2025 मध्ये पद्मश्री प्रदान झाली, पहिल्यांना लाकडावरील अक्षरकोरणीसाठी आणि तुरुंगातील बंद्यांना ती शिकवल्याबद्दल, दुसऱ्यांना काष्ठशिल्प आणि बस्तरच्या बासरीसाठी. बाजारात मात्र मागणी आहे ती दिवाणखान्यात मांडायच्या नर्तकांच्या जोड्यांना आणि भिंतीवरच्या मुखवट्यांना. त्या वस्तूंनी अनेक घरांची चूल पेटते हे खरे आहे आणि त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये, पण रथाच्या चाकाचा तुंबा, आंगादेवाचे मस्तक आणि स्मृतिखांब यांमागची विद्या विक्रीच्या मूर्तींमध्ये उतरत नाही. दिवसेंदिवस मोठा साल मिळणे अवघड होत आहे, आणि स्मृतिखांबांची जागा सिमेंटने घेतली आहे.

बेडा उमरगाव आणि झार उमरगावच्या कारागिरांची नावे, त्यांच्या घराण्यांची परंपरा, प्रत्येक चाकाची मापे, हत्यारांची स्थानिक नावे आणि लाकूड निवडण्याचे निकष यांची सविस्तर लेखी व चित्रित नोंद राज्याच्या संग्रहालयांनी आणि विद्यापीठांनी आताच्या वडीलधाऱ्या पिढीच्या हयातीत केली पाहिजे. रायपूरच्या मराठी संस्थांनाही या कामात हातभार लावता येईल, कारण जुन्या दप्तरांमध्ये बस्तरविषयी जे कागद असतील ते वाचण्यासाठी मोडी आणि मराठी जाणणारी माणसे लागतील. दसऱ्याच्या दिवसांत जगदलपूरला जाणाऱ्या प्रत्येक वाचकाने रथयात्रेच्या गर्दीपूर्वी सिरहासारपाशी जाऊन रथ घडताना पाहावा आणि घडवणाऱ्यांची नावे विचारून घ्यावीत.